वर्तुळ पडलं नाही

काल लावलेल्या बश्या सकाळी बाहेर काढल्या.
बरोबर अंगाइतक्या कोमट.

एकोणीस वर्षं हेच करते आहे.
रामबागेतून स्कूटरने यायचं, तळघरात उतरायचं,
डबा खिडकीत ठेवायचा.
खिडकीतून रस्त्यावरची फक्त पावलं दिसतात.
चपलांवरून मला कळतं
कोण घरी निघालंय, कोण नुसतंच बिल भरून आलंय.

बशीत जंतू पेरायचे, दाट, एकसारखे,
परसात कोथिंबीर पेरावी तसे.
वर औषधाच्या चकत्या, टिकलीएवढ्या.
औषध चालत असेल
तर चकतीभोवती रात्रीतून जागा मोकळी होते,
जेवायला बसताना
पानाभोवती पाणी फिरवावं
तशी गोल, स्वच्छ.
मग पट्टी लावायची. एकवीस मिलिमीटर. अठरा. चोवीस.
सुरुवातीला वर्तुळं एकमेकांत घुसायची,
कुठून मोजावं कळायचं नाही.

आज दोन बश्या, बारा चकत्या.
अकरांच्या कडेला हिरवळ थेट भिडलेली.
बाराव्याशी थोडी फट, नखातल्या चंद्राएवढी.
पट्टी म्हणाली, पुरेशी नाही.

आर, लिहिलं. आर. आर. आर.
सातव्या आरला पेन अडलं,
झटकलं, तेव्हा दिसलं
त्यावरचा लाल तुरा.

शैलेंद्रच्या कंपनीचं पेन.
तो कोंबड्यांचं औषध विकतो,
सिमरोल, मानपूर, बडगोंद्याकडची बावीस शेड.
"औषध नको गं म्हणूस. वाढीची पुडी."
एक कोंबडी शिंकली की टाकीत पुडी,
आणि कुणी शिंकलं नाही तरी पुडी.
पाच हजार चोची, टाकी एक.
पस्तिसाव्या दिवशी दोन किलो भरलं पाहिजे,
नाहीतर पाटीदारचे दाण्याचे पैसे निघत नाहीत,
पाटीदारचे नाही निघाले तर शैलेंद्रचं टार्गेट हुकतं,
आणि टार्गेटवर सईची फी.
ती मीच भरून आले, सोमवारी.

नाव मी सहसा वाचत नाही. नंबर पुरतो.
आज वाचलं.
शालिनी किबे, एकाहत्तर, लघवीचा नमुना.
किबेबाई! आम्हाला सातवीला भूगोल.
फरीदानं डब्यात उकडलेलं अंडं आणलं
म्हणून तिला वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं.
मी तिच्या शेजारून उठले होते.
कुणी सांगितलं नव्हतं उठायला.

मग बाईंपर्यंत कुठली कोंबडी पोहोचली?
शेडमधलं खत ट्रॉलीने वाफ्यात जातं,
वाफ्यातली मेथी चोइथराम मंडीत,
तिथून कुणाच्याही पिशवीत, सोवळ्यातल्यासुद्धा.
असेल.
किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनला लावलेली नळी असेल.
किंवा दर सर्दीला दुकानातून आणलेल्या
तीनच गोळ्या, पाचातल्या.
बशी हे सांगत नाही.
कुठून आलात, असं मी बशीला विचारूही शकत नाही,
माझ्या हातात पट्टी आहे फक्त.

शैलेंद्रला फोन लावला.
तो शेडवर होता. मागे पाच हजारांचा आवाज,
कुणीतरी न थांबता सुपात तांदूळ पाखडतंय तसा.
"लवकर बोल."
म्हटलं, येताना मेथी आणू नकोस.
"अगं, सकाळी तूच केलीस की. डब्यात आहे."
मग थोडं थांबून,
"काय झालं?"
म्हटलं, काही नाही. वर्तुळ पडलं नाही.
"कसलं?"
शेडमध्ये नीट ऐकू येत नाही.

सहीसाठी दुसरं पेन शोधलं.
खणात चार निघाली, चारही तुऱ्याची.
सही केली.

बश्या ऑटोक्लेव्हला लावल्या,
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
तिथे अजून तरी कुणी टिकत नाही.
शिट्टीची वाट बघत बसले,
वर तिसऱ्या मजल्यावर
किबेबाईंना एकशे तीन ताप होता,
तोही त्यांना सोसत नव्हता.